पांढरीच्या भिंतीतलं भोक

१

व्यंकटराव मेले तेव्हा त्यांच्या मुठीत भाजलेलं ज्वारीचं कणीस होतं, आणि त्यातले निम्मे दाणे खाऊन झालेले होते. पौषातली एकादशी, पण हुरड्याचे दिवस. मोहाळी म्हणजे कयाधूच्या काठचं चांगलं खाऊन-पिऊन सुखी गाव, आणि त्या गावात माणूस हुरडा खाता खाता मरावा, काय म्हणावं याला!

त्यांची बायको नर्मदाबाई आयाबायांबरोबर नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेली होती. तिसऱ्या प्रहरी ती परत आली, बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि हातातला प्रसाद खाली पडला. मालक लोडावरून कलंडले होते. मानेमागे तुरीच्या दाण्याएवढं लाल भोक होतं, बस्स. एवढ्याशा भोकातून सहा फुटी माणूस निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीहून अमीन किसनसिंग घोड्यावरून आले. निजामाच्या राज्यात पोलीस ठाण्याच्या मुख्याला अमीन म्हणत. या अमिनांचा बाप हिंगोलीच्या जुन्या पलटणीत बंदुका दुरुस्त करायचा, त्यामुळे काडतुसांच्या वासातच ते वाढलेले. त्यांना एक खोड होती. कुठलीही गोष्ट पाहिली की त्यांचं तोंड उघडं पडायचं. मुंगीची रांग पाहा, घड्याळाचं चाक पाहा, हे आपले ‘अरे वा’ करत उभे. शिपाई पाठीमागे हसायचे. पण आ वासून पाहणारा माणूस जरा जास्त वेळ पाहतो, हे त्या शिपायांच्या ध्यानात कधी आलं नाही.

पोलीस पाटील सोनाजी वेशीपर्यंत सामोरा आला. “सायब, तुमाला काई तकलीफच न्हाई. गुन्हेगार चावडीत बांधून ठिवलाय, बंदूक जप्त हाय, आन् गोळी जिथून आली ते भोकबी हाय.”

“भोक?” अमीन घोड्यावरून उतरता उतरता थबकले.

बैठकीच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत पांढरीची होती. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी, पांढरट, चिवट माती. इकडे घरं तिचीच. भिंत चांगली दोन हात जाड. तिच्यात आतल्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर एक बारीक गोल भोक होतं. बाहेरच्या अंगाला, बरोबर त्याच रेषेत, दुसरं. आणि बाहेर दीडशे पावलांवर ज्वारीच्या रानात पाखरं राखायचा माळा. त्या माळ्यावर रोज बंदूक घेऊन बसायचा तो तांड्यावरचा लखमा.

व्यंकटरावांचा पुतण्या संतराम पुढे झाला. तिशीचा, हैदराबादेत शिकलेला, अंगात कोट. त्यानं जबाब असा दिला की लिहून घ्यायला सुद्धा सोपा. “काकू गेल्यापासून परत येईपर्यंत मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. या खोलीला दार एकच, आणि ते माझ्यासमोर. खिडकी नाही. छताला उजेडासाठी सवणं आहे, पण त्याला काच बसवलेली आणि काच साबूत. त्या दारातून चिमणीसुद्धा आत गेली नाही, अमीनसाहेब. म्हणजे गोळी आली ती भिंतीतूनच.”

“दोन हात भिंतीतून? या बावीसच्या छोट्या बंदुकीची गोळी?”

“काडतुसं साधी नाहीत. मी स्वतः सिकंदराबादहून आणलीत. तुपात बोट घालावं तशी विटेत शिरतात.”

अमिनांचं तोंड उघडं पडलं ते पडलंच. तेवढ्यात दारातून एक आवाज आला.

“झूट हाय.”

दारात पन्नाशीची एक विधवा बाई उभी होती. कासोटा मारलेला, कोपरापर्यंत हात मातीनं पांढरे. “म्या गोजरबाई. ही भिंत म्या आन् माझ्या मालकानं बांधली. हिच्यातून गोळी गेली न्हाई, सायब. जानारच न्हाई.”

२

“काहून जाणार नाही?” अमिनांनी विचारलं.

गोजरबाईनं भिंतीवर तळवा ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. काही बोलायला तोंड उघडलं. मग एकाएकी हात मागे घेतला, पदर सावरला आणि ती म्हणाली, “न्हाई जात म्हंजी न्हाई जात.” आणि निघून गेली.

मेल्या नवऱ्याची भिंत म्हणून बाई हळवी झाली असेल, असं अमिनांना वाटलं. ते गुडघ्यावर बसले आणि भोकाला नाक लावलं. मातीच्या भिंतीतून वाळलेल्या कडूलिंबाचा वास येत होता. “घरात लिंबाचा पाला जाळला का कुणी?” कुणीच जाळला नव्हता. त्यांनी ज्वारीच्या धाटाचं बारीक चिपाड भोकात घातलं. एक वीत आत गेलं आणि अडलं. बाहेरच्या भोकातही तसंच, एक वीत.

“गोळी गेल्यावर माती मागून खाली बसते,” संतराम म्हणाला.

भोकाच्या वर एक खुंटी होती. “ही कशाची?”

“बंदुकीची. रोज दुपारी लखमाकडून आली की इथं टांगतो.” एवढं बोलून संतराम थांबला. “काल मात्र ती आलीच नाही. माळ्याखाली सापडली.”

चावडीच्या पायरीवर जिवनबाई बसली होती, लखमाची बायको. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोळ्यांत पाणी नाही, नुसती बसलेली. अमीन आत गेले. लखमाचे हात दाव्यानं बांधलेले होते.

“मालकानं नदीकडलं कुरण तांड्याच्या ढोरांना बंद केलं, म्हणून तू चार माणसांत ओरडलास. खरं?”

“खरं, सायब. वरडलो. वरडून राहिलो म्हून मारतो का कोनी?” लखमानं बांधलेले हात पुढे केले. “म्या रोजच्यावानी दुपारी बंदूक वसरीवर नेली. संतरामदादाच्या हातात देली. मंग तांड्यावर भाकर खाया गेलो. माघारी आलो त मानसं धावून राहिलीवती.”

“कुणी पाहिलं?”

“ह्या जिवनीनं. तिचं कोन ऐकते?”

कोणी ऐकणार नव्हतं, हे अमिनांनाही माहीत होतं. परभणीच्या मोहतमीमसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या वरच्या साहेबांचा हुकूम आला होता: गुरुवारच्या गाडीनं आरोपी पाठवा. एकदा तो परभणीला गेला की पुढे फासाचा दोर. तांड्याच्या माणसाला कोण वकील देतो?

नर्मदाबाई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकच गोष्ट सांगितली. “बुधवारी हिंगोलीला जायचं व्हतं. सारी जमीन माझ्या नावानं करायचा कागद करनार व्हते ते. मला म्हन्ले, माझ्यामागं तुझी आबाळ नको.”

“हे कुणाला ठाऊक होतं?”

“घरातल्यांना. संतरामलाच दमणी जुंपून ठिवायला सांगितलं व्हतं.”

संध्याकाळी हिंगोलीच्या दवाखान्यातून डॉक्टरनं काढलेली गोळी पुडीत आली. अमिनांनी गावच्या सोनाराचा काटा मागवला. लखमाला पाखरांसाठी मिळायची ती आखूड काडतुसं, त्यांची शिशाची गोळी भरली पंधरा गुंजा. व्यंकटरावांच्या मानेतली भरली एकवीस. संतरामच्या पेटीतल्या लांब काडतुसाची गोळी? एकवीस!

“चोरली असतील त्यानं माझ्या पेटीतून,” संतराम शांतपणे म्हणाला.

अमीन ऐकत नव्हते. ते ती गोळी डोळ्याजवळ धरून बघत होते. टोकाशी किंचित वाकलेली, बाकी नव्यासारखी. दोन हात भिंत फोडून आलेली गोळी, आणि नव्यासारखी! “उद्या सकाळी,” ते म्हणाले, “सगळं गाव नदीवर बोलवा.”

३

बुधवारी सकाळी कयाधूच्या वाळूत जत्रा भरली. लढाईच्या दिवसांत काडतुसं मिळायची मारामार, आणि अमीन ती विटा-दगडांवर उधळणार, हे बघायला कोण येणार नाही?

किसनसिंगांनी एका ओळीत सगळं मांडलं. सागवानी फळी. भट्टीतली पक्की वीट. शहाबादी फरशी. नदीतला काळा दगड. आणि गोजरबाईनं एका पडक्या घराच्या भिंतीतून काढून दिलेला पांढरीचा मोठा ढेकूळ, दोन हात लांबीचा. वीस पावलांवर ते बंदूक घेऊन बसले. तिन्ही जातीची काडतुसं समोर फडक्यावर: आखूड, मधली आणि संतरामची लांब.

“ही बंदूक काडतुसाच्या पाठीत ठोका देत नाही,” ते लेकराला सांगावं तसं लोकांना सांगू लागले. “काठाला देते. दारू काठातच भरलेली. म्हणून काडतूस स्वस्त आणि एवढंसं. आता बघा.”

टप्प! आखूड गोळी फळीतून आरपार. मधली आरपार. लांब तर फळी फोडून मागच्या वाळूत दिसेनाशी झाली. लोकांनी ‘आई गं’ म्हणून मागे पाऊल घेतलं. संतराम हसला.

मग वीट. आखूड गोळीनं विटेवर नखाएवढा खळगा पाडला. मधलीनं थोडा मोठा. लांब गोळी लागली तशी विटेचा लाल धुरळा उडाला आणि बाया ओरडल्या, पण जाऊन पाहिलं तर काय? करंगळीचं पेर बुडेल एवढा खड्डा. दुसरी गोळी त्याच जागी बसली तेव्हा वीट दुभंगली, पण गोळी अलीकडेच राहिली. चपटी होऊन पडली होती, बत्ताशासारखी. खड्ड्याच्या तोंडाशी शिशाचा राखाडी डाग, बोटानं पुसला तरी जाईना.

शहाबादी फरशीवर आखूड गोळीनं पांढरा ठिपका उठवला. लांबनं फरशीचे तीन तुकडे केले, पण स्वतः कागदासारखी पातळ झाली. काळ्या दगडानं तर तिघींची दखलच घेतली नाही. नुसते तीन राखाडी ठिपके, आणि कुणाच्या गालाला शिशाचा कण चाटून गेला म्हणून आरडाओरड.

“आता पांढरी,” अमीन म्हणाले, आणि का कोण जाणे, लोक एकमेकांकडे बघू लागले. या मातीची घरं, या मातीची आण. गोळ्या घालायच्या तिच्यावर?

तीन आवाज झाले. ना धुरळा, ना तुकडा. माती हलली सुद्धा नाही. अमीन ढेकळाजवळ गेले आणि चाकूनं हळूहळू उकरू लागले. आखूड गोळी दोन बोटं गेली होती. मधली तीन. लांब, सिकंदराबादची, तुपात बोट घालणारी, ती चार बोटं जाऊन मातीत निजली होती. फळी फोडणारी, फरशी तडकवणारी! किसनसिंग वाळूत बसूनच राहिले. आयुष्यभर बंदुकांना मानत आलेला माणूस तो. पायाखालची, शेणात कालवायची माती, आणि तिनं ही ताकद कुठल्या कुठं जिरवली होती.

“बाई,” ते गोजरबाईला म्हणाले, “हे कसं हो?”

“आमी ती तुडवतो, सायब. तनस घालून, अंबाडी घालून, पाय सुजेस्तोर. एक थर घातला का आठ दिस वाळू देतो. मंग दुसरा. घाई केली त भित उभी ऱ्हाते, पन भरवशाची व्हत न्हाई.”

“आणि इथं वीस पावलांवरून चार बोटं,” अमीन उठून उभे राहिले. “माळा दीडशे पावलांवर. भिंत दोन हात. संतरामराव, बोला.”

संतराम जरासुद्धा डगमगला नाही. “हा ढेकूळ म्हणजे ती भिंत नव्हे. त्या भिंतीच्या आत काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक?”

४

“उंदीर,” संतराम म्हणाला. “घुशी. आतून पोखरलेली असेल भिंत. पोकळ असेल. मग गोळीला चार बोटं इकडची फोडायची आणि चार तिकडची. मधे मोकळं रान. परभणीला वकील हेच विचारील, अमीनसाहेब. तुम्ही काय वाळूतला ढेकूळ दाखवणार?”

सोनाजी पाटलानं मान डोलावली. खुनी कोण हे अमिनांना आता दिसत होतं, पण दिसणं आणि दाखवणं यात फार अंतर असतं. भिंत फोडून पाहायची म्हटली तर वर माळवदाचा भार, खोलीच खाली यायची. गुरुवार तर उद्यावर आलेला.

दुपारी ते गोजरबाईच्या अंगणात गेले. तिथं जिवनबाई आधीच बसलेली होती. तिनं गोजरबाईचे पाय धरले नव्हते की रडत नव्हती. नुसती म्हणाली, “माय, तू म्हन्ली गोळी जात न्हाई. तुला कसं ठाव हाय ते सांग ना सायबाला.”

गोजरबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बाई,” अमीन पायरीवर बसले. “काल भिंतीवर हात ठेवलात आणि बोलता बोलता थांबलात. काय होतं ते?”

गोजरबाईनं हातावरची सुकलेली माती खरवडली. मग म्हणाली, “सायब, आमच्या धंद्यात भितीला पोट असते. त्या पोटात काय हाय ते बांधनाऱ्यानं कुनाला सांगायचं न्हाई. पांढरीवर हात ठिवून शपथ घ्यावी लागते. म्या घेतली. माझ्या मालकानं घेतली, ते मेले. ज्याची भित व्हती तो मेला. आता एकली मी उरले.”

“म्हणजे त्या भिंतीत...”

“बोलले का म्या काई?” ती फटकारून म्हणाली. “धा गावच्या भिती माझ्या पोटात हायत. एक बोलले त धाही गावं मला दारात उबी करनार न्हाईत. मंग खायाचं काय? आन् शपथ मोडलेल्या हाताची भित कोन बांधून घेईन?”

“आणि नाही बोललात तर लखमा फाशी जाईल.”

तिचे मातीनं फुटलेले हात मांडीवर पडून होते, आणि जिवनबाई त्या हातांकडे बघत होती. अमिनांना जास्त विचारायचा धीर झाला नाही. ते उठले. वाटेत त्यांच्या नाकात पुन्हा तो वास आला. गोजरबाईच्या दारातल्या कणगीत धान्य होतं, आणि धान्याला कीड लागू नये म्हणून वर वाळलेला कडूलिंबाचा पाला. अमीन जागच्या जागी उभे राहिले. त्यांचं तोंड पुन्हा उघडं पडलं होतं.

पण त्यांनी मागे वळून विचारलं नाही. ते तिनंच सांगायला हवं होतं.

५

गुरुवारी सकाळी लखमाला घेऊन जायला गाडी जुंपली. तांड्याची माणसं वेशीत गोळा झाली होती. लखमा गाडीत चढणार, तेवढ्यात गोजरबाई खांद्यावर कुदळ घेऊन रस्त्याच्या मधोमध आली.

“सायब, थांबा. पयले माझ्यासंगं चला. समद्यांनी चला.”

बैठकीत माणसं मावेनात. नर्मदाबाई दारात उभी राहिली. लखमाला पण आणलं, बांधलेल्या हातांनी. गोजरबाईनं कुदळ खाली ठेवली, भिंतीवर दोन्ही तळवे टेकले आणि कपाळ लावलं. “माफ कर, माय,” एवढंच ती म्हणाली. मग संतरामकडे वळली.

“दादा, काल तुमी म्हन्ले, भित पोकळ हाय.”

“हो. असणारच.”

“चार मानसांमोरं म्हना.”

“पोकळ आहे. गोळी त्या पोकळीतून आली.”

“पाटील, ऐकलं ना?” गोजरबाईनं पदर खोचला. “बराबर बोलले दादा. पोकळच हाय.”

संतरामच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तिनं भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत एक जागा शोधली आणि कुदळीचा एक घाव घातला. मातीचा एक गोल बोळा निखळून बाहेर आला.

आणि भिंतीतून ज्वारी वाहू लागली.

सुरुवातीला मूठमूठ, मग सुपानं ओतावी तशी. पांढरी टपोरी ज्वारी, तिच्यातून कडूलिंबाचा वाळका पाला. खोलीत त्या वासानं डोळे चुरचुरले. ज्वारी थांबेचना. पायांवर आली, जाजमावर पसरली, उंबऱ्यापर्यंत पोचली. त्या साली सरकारी लेव्हीनं घरोघरची धान्यं मोजून नेलेली, सरकारी दुकानातल्या जोंधळ्यात निम्मे खडे निघायचे, आणि इथं भिंत धान्य देत होती! कुणी हात लावला नाही. सोनाजी पाटलानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला, देवळात काढावा तसा. म्हाताऱ्या बाया हात जोडून उभ्या होत्या.

“बळद, भितीतलं धान्याचं कोठार,” गोजरबाई म्हणाली. “दोन सालांमागं लेव्ही आली तवा मालकानं चोरून बांधून घेतलं. मालकीनबाई तवा माहेरी, आईच्या दुखन्यात. दादा हैदराबादेत. इकडून चौदा बोटं भित, मधी ज्वारी, तिकडून चौदा बोटं. ज्वारी गच्च गळ्यापोतर भरलेली. आता सांगा, गोळी हिच्या पोटातून गेली असती, त त्या भोकातून एक तरी दाना गळाला असता का न्हाई? तीन दिस झाले. एकबी गळाला न्हाई.”

अमिनांनी नर्मदाबाईकडे आरसा मागितला. तिनं कुंकवाच्या करंड्यातला दिला. आता तो तिला लागणार नव्हता. अमिनांनी दारातलं ऊन त्या आरशात धरलं आणि बळदाच्या रिकाम्या झालेल्या पोटात टाकलं. आतून दोन्ही अंगांना शेणानं सारवलेलं होतं, गोजरबाईच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे. कुठं ओरखडा नाही, तडा नाही, भोक नाही.

“बाहेरचं भोक एक वीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “आतलं एक वीत. दोन्ही बळदाच्या अलीकडे संपतात. गोळी आत शिरली नाही, बाहेर पडली नाही. मग हे भोक गोळीचं नाहीच. नदीवर पाहिलंत ना, गोळी लागली की तोंडाशी शिशाचा डाग राहतो, आणि गोळीचा चपटा बत्तासा होतो. इथं डाग नाही, आणि व्यंकटरावांच्या मानेतली गोळी अजून नव्यासारखी. ती वाटेत कशालाच लागली नाही.”

ते वळले. “संतरामराव, त्या दारातून चिमणीसुद्धा आत गेली नाही म्हणालात. सवण्याची काच साबूत. आणि भिंतीतून गोळी येत नाही. मग त्या दुपारी या खोलीपाशी कोण होतं? तुमचाच जबाब सांगतो. तुम्ही एकटे. लखमानं बंदूक हातात दिली, तुम्ही पेटीतलं लांब काडतूस भरलं आणि रोजच्यासारखे ती खुंटीला टांगायला काकांच्या पाठीमागे गेलात. रोजचीच गोष्ट, त्यांनी मान सुद्धा वळवली नसेल. कणीस खात होते ते. मग भिंतीला दोन्ही अंगांनी भोकं पाडलीत आणि बंदूक माळ्याखाली टाकून आलात.”

“पुरावा?” संतराम ओरडला.

“बंदूक साफ करायचा गज आणा त्याच्या पेटीतून.”

शिपायानं आणला. टोक वाकलेलं, दगडानं ठोकल्याच्या खुणा, आणि ब्रश बसवायच्या आट्यांत गच्च भरलेली पांढरी माती. तीन दिवसांत त्याला तो धुवायचं सुचलं नव्हतं. मातीला तो मातीच समजत होता.

संतराम ज्वारीत मटकन खाली बसला. “सगळं काकूच्या नावे करणार होते,” तो म्हणाला. “मला म्हणाले, दमणी जुंप.” नर्मदाबाई त्याच्याकडे न बघता बाहेर निघून गेली.

अमिनांनी स्वतःच्या हातानं लखमाचं दावं सोडलं. लखमा काही क्षण मनगटं चोळत राहिला, मग गोजरबाईसमोर जमिनीवर डोकं टेकलं. गोजरबाई मागे सरली. तिचं लक्ष भिंतीतल्या त्या उघड्या भगदाडाकडे होतं.

६

ज्वारीची वर्दी अमिनांना द्यावीच लागली. सरकारनं आपला वाटा उचलला, उरलेली नर्मदाबाईनं गावात आणि तांड्यावर वाटली. नदीकडचं कुरण तिनं खुलं केलं, ते कुणी न सांगता.

गोजरबाई मात्र दाराआड बसली. एक आठवडा गेला, दोन गेले. कुणाचं बोलावणं नाही. पलीकडच्या गावच्या एकानं ठरलेलं काम मोडलं. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण तिला कळत होतं. भिंतीनं पोट उघडलं होतं, आणि ते तिच्या हातानं.

तिसऱ्या आठवड्यात किसनसिंग मुद्दाम वाट वाकडी करून मोहाळीत आले. गोजरबाईच्या घरी कडी लावलेली होती. गेली की काय गाव सोडून? तेवढ्यात व्यंकटरावांच्या वाड्याच्या मागून ‘हुं, हुं’ असा आवाज आला. ते तिकडे गेले.

अंगणात पांढरीचा मोठा गारा कालवलेला होता. त्यात गुडघ्यापर्यंत बुडून लखमा माती तुडवत होता, घामानं निथळत. जिवनबाई तणस टाकत होती, आणि गोजरबाई काठावर उभी राहून ओरडत होती, “तुडव, तुडव! नाचून नको राहू! टाच दाब!”

ओसरीवर नर्मदाबाई बसली होती. “अमीनसाब,” ती म्हणाली, “म्याच बलावलं हिला. भित बुजवून दे म्हन्लं. ही म्हनते, बळद बी बुजवून टाकते, त्या हाताचा आता कोनाला भरोसा? म्या म्हन्लं, ज्या हातानं एक मानूस वाचवाया आपली भाकर घालवली, त्याच हाताचं बळद मला पायजे. बुजवू नको. नवं बांध. आन् त्यात काय ठिवलं ते तुला आन् मला ठाव.”

गोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं, मातीच मातीला लागली, आणि वाकून गाऱ्याचा एक गोळा हातात घेतला.

किसनसिंगांनी घोडा झाडाला बांधला, बूट काढले आणि त्या गाऱ्यात पाय घातला. माती गार होती, घट्ट होती, पाय धरून ठेवत होती. त्यांचं तोंड उघडं पडलं.

“हिनं नदीवर ती लांब गोळी थांबवली,” ते म्हणाले.

“तिनं न्हाई, सायब,” गोजरबाई म्हणाली. “तुडवनाऱ्यानं. चला, टाच दाबा.”